माझा पगार वाढला, दामू

भिका,

आपली शेवटची भेट भांडणात संपली, आणि ते भांडण मिटवायला मी रविवारी धुळ्याला येणार होतो. घरी तसं सांगूनही ठेवलं होतं. शुक्रवारी दुपारी पोस्टमननं छापखान्यात कार्ड आणून दिलं. कोपरा फाडलेला होता, मरणाच्या खबरीचा फाडतात तसा. पत्त्याचं अक्षर तुझं नव्हतं, म्हणून मागची बाजू वाचायचा मला धीर होईना. आमच्याकडचे सगळ्यांत जुने कंपॉझिटर यूसुफभाई शेजारी उभे होते. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, वाचलं आणि एवढंच म्हणाले, "दामूभाऊ, बसून घ्या."

दोन वर्षं मी तुझ्याशी बोललो नाही. तू गेल्यापासून मात्र दिवसभर तुझ्याशीच बोलतोय. जेवताना बोलतो, रस्त्यानं जाताना बोलतो. काल बायकोनं विचारलं, "कोणाला काय सांगताय?" काय सांगणार तिला? सांगायचं पुष्कळ साठलंय आणि ऐकणारा तू एकटाच होतास.

पहिली लढाई नुकतीच संपली होती तेव्हा आपण दोघं धुळ्याला आबांच्या छापखान्यात लागलो. तू पारोळ्याच्या बाजूच्या खेड्यातला, मी इथला जळगावचा. दोघांची सातवीची फायनल परीक्षा झालेली, दोघांना शाळामास्तर व्हायचं नव्हतं. आबांनी आपल्याला एकाच खिडकीशी समोरासमोर उभं केलं. खिडकीतून पांझरा नदीकडचा वारा यायचा आणि सकाळभर उजेड असायचा. शिशाच्या अक्षरखिळ्यांच्या खणांवरून तुझा हात चालायचा तो मी बघत राहायचो. बघायचास तू हस्तलिखिताकडे, खण तुझी बोटं आपणहून शोधायची. ओळ भरली की ती उलटी अक्षरं तू सरळ असल्यासारखी वाचायचास, तीही मोठ्यानं. लग्नपत्रिका असो, कापूस बाजाराची पावती असो, नाहीतर कोणा शास्त्रीबुवांचं व्रतमाहात्म्य असो, तुला सगळंच वाचून दाखवावंसं वाटायचं. "बठ्ठं चांगलं शे रे, फक्त कोणी वाचत नाही," असं म्हणायचास.

पगार बेताचा होता. आबा तो लपवत नसत. "मला याहून जास्त जमत नाही," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण पहिल्या तारखेला तो हातात पडला नाही असं कधी झालं नाही. दुपारचा चहा ते आपल्याबरोबर घेत. एकदा एका वकिलांच्या पुस्तकात तू चूक दाखवलीस, तर आबांनी वकिलांना बोलावून घेतलं, तुला त्यांच्यासमोर खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "हे आमचे भिकाजीराव. यांचं ऐका." भिकाजीराव तुला त्याआधी कोणी म्हटलं नव्हतं.

आणि ती पारोळ्याची लग्नपत्रिका! आठवतं ना? माझ्या हातून नवऱ्यामुलाच्या नावाआधी "चि."च्या जागी "कै." पडलं होतं. आजोबांचं "कै." नातवाला लागलं आणि नातवाचं "चि." आजोबांना. प्रूफ मीच तपासलं, मीच पुढं दिलं. गठ्ठा घेऊन माणूस गाडीनं पारोळ्याला निघून गेला आणि उरलेली एक पत्रिका तू सहज वाचायला घेतलीस. तुझा चेहरा पाहूनच मी समजलो. मी बडतर्फ होणार, हे मी धरूनच चाललो होतो. आबा म्हणाले, "चूक छापखान्याची आहे. पुन्हा छापा." तू ओळ बदललीस, आपण तिघांनी मिळून छापल्या, आणि शाई नीट वाळायच्या आत त्या पत्रिका घेऊन तू आबांच्या सायकलवरून पारोळ्याला गेलास. उन्हाळ्याची दुपार, वीस-बावीस मैलांची वाट. तिथं पोचून त्या घरच्या आजीला सगळं खरं सांगितलंस, तर आजीनं आधी तुला शिव्या दिल्या आणि मग ताक दिलं. माझ्या पगारातून एक दिडकी कापली गेली नाही. परवा तुझ्या बाराव्याची खबर छापायला घेतली, तेव्हा तेच "कै." मला तुझ्या नावाआधी जुळवावं लागलं. या वेळी चूक नव्हती. मी तीनदा तपासलं.

मग माझं लग्न झालं, पाठोपाठ मुलं झाली, आणि जळगावच्या शेटजींच्या मोठ्या छापखान्यातून निरोप आला. पगार जवळजवळ दीडपट. मी हो म्हटलं. स्टेशनवर तू मला पोचवायला आलास. गाडीला वेळ होता, आणि आपला वाद तिथं सुरू झाला, तो पंधरा वर्षं चालला.

तू म्हणालास, "दामू, दिवसाचे दहा तास जिथं उभं राहायचं, ती जागा बघून तरी ये."

मी म्हणालो, "जागा काय बघायची? शिसं तिथंही तेच आणि इथंही तेच."

"आणि माणसं?"

"भिका, माणसं आणि वारा पोरांच्या ताटात वाढता येत नाही."

तू माझी ट्रंक उचलून घेतलीस. तुझ्याही घरी इंदू नुकतीच बोबडं बोलायला लागली होती आणि अनसूयावहिनी शेजारपाजारच्यांचे कपडे शिवून देत होत्या. पण गाडी हलली तेव्हा तू खिडकीबरोबर चालत म्हणालास, "उत्तर पत्रानं देतो!" आणि दिलंस. मी त्याला उत्तर दिलं. मग ते चालूच राहिलं.

पत्रात मी तुला जळगावच्या छापखान्याबद्दल सगळं कधी लिहिलं नाही. पगाराचं लिहायचो, नवीन घेतलेल्या शिवणयंत्राचं लिहायचो, मुलाला इंग्रजी शाळेत घातल्याचं लिहायचो. ते खोटं नव्हतं. पण पत्र्याची ती लांब शेड मी लिहिली नाही. शेजारी सरकी काढायचा जिन होता. हंगामात कापसाचे बारीक तंतू उडून अक्षरांच्या खिळ्यांवर बसायचे, म्हणून शेटजींनी त्या बाजूच्या सगळ्या खिडक्या खिळे ठोकून बंद केल्या होत्या. चैत्रात शेड तापली की माणसं घामानं निथळायची. बोलायची बंदी. बसायची बंदी. पाच मिनिटं उशीर झाला तर अर्ध्या दिवसाचा पगार जायचा, ओळीत चूक सापडली तर दंड. काही वर्षांनी मी फोरमन झालो आणि उशिराची खूण करायचं काम माझ्याकडं आलं. पगार आणखी वाढला. रविवारी संध्याकाळ झाली की मात्र जेवण जाईनासं व्हायचं. बायको म्हणायची, "वात धरलाय तुम्हाला, ओवा खा." मी ओवा खायचो.

आबा गेले, आणि त्यांच्या मुलानं धुळ्याचा छापखाना हातात घेतला. त्या दिवसांतलं तुझं पत्र माझ्याकडं आहे. तू लिहिलंस, "माझा पगार वाढला, दामू. आता मला छापखान्यात जावंसं वाटत नाही."

मी हसलो होतो ते वाचून. खरंच हसलो. बायकोला वाचून दाखवलं, "बघ, या माणसाचं काय करावं!" पुढं तू लिहिलं होतंस की आपल्या खिडकीशी आता कागदाचे गठ्ठे रचलेत, दुपारचा चहा बंद झालाय, आणि तुला पुस्तकाच्या कामावरून काढून फक्त कोरे फॉर्म जुळवायला बसवलंय. एका महिन्यात तू रेघांशिवाय काही जुळवलं नव्हतंस. "वाचायला काहीच येत नाही हाती," असं लिहून खाली आपल्या बोलीत एकच ओळ होती, "मन्हं मन लागत नही."

मी लगेच शेटजींशी बोललो. तुझ्यासारखा हात त्यांना हवाच होता. पगार धुळ्यापेक्षा चांगला ठरला. मला वाटलं, आता वाद मिटला आणि मीच जिंकलो. पुन्हा समोरासमोर उभे राहू, या आशेनं मी लहान मुलासारखा दिवस मोजत होतो, हेही तुला कधी सांगितलं नाही. चैत्रात तू जागा बघायला आलास. सकाळी तुला स्टेशनवर घ्यायला आलो तेव्हा तुझे केस अर्धे पिकलेले दिसले, आणि मी तुला म्हाताऱ्या अशी हाक मारली, तर तू म्हणालास, "आरशात बघून हाक मारतोयस काय?"

शेडमध्ये शिरल्यावर तू हळूहळू एकेका माणसाजवळ जाऊन उभा राहत गेलास. यूसुफभाई खोकत होते. तू त्यांच्याशी काहीतरी बोललास. बोलायची बंदी आहे हे तुला माहीत नव्हतं, आणि त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग तुला उत्तर दिलं. ते बघणं तू पाहिलंस. तेवढ्यात एक माणूस धावत आत आला. त्याच्या घरी आजारपण होतं, तो तसं सांगत होता, आणि मी पाटीवर त्याच्या नावापुढं खूण केली. सवयीनं केली, भिका. तो काय सांगतोय ते मी ऐकलंसुद्धा नव्हतं.

बाहेर आल्यावर तू विचारलंस, "हाई काय चाली ऱ्हायनं, दामू?"

"शिस्त आहे. एवढी माणसं सांभाळायची म्हणजे..."

"त्या खिडक्या?"

"कापूस येतो."

"मग बारीक जाळी लाव."

"शेटजी ऐकायचे नाहीत."

"विचारलंस?"

मी शेडचं दार ओढून घेतलं.

"तेरा वर्षांत एकदाही विचारलं नाहीस?" तुझा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "आबांच्या हाताखाली शिकलास तू. तुझ्या चुकीला त्यांनी छापखान्याची चूक म्हटलं. आणि तू त्या माणसाचं बोलणंसुद्धा ऐकत नाहीस?"

मग मी ते बोललो. तुला लागावं म्हणूनच बोललो. म्हटलं, "तुझ्या मोठेपणाची किंमत वहिनी देतायत. डोळे फोडून लोकांचे कपडे शिवतात. इंदू एवढी हुशार पोर, तिला पुढं शिकवायची ऐपत आहे तुझी? समाधानी राहायला तुला काय जातं?"

घरी बायकोनं तुझ्यासाठी वरण-बट्टी केली होती. तू उंबऱ्यापर्यंत आलास, तिला नमस्कार केलास, "वहिनी, गाडीची वेळ झाली," म्हणालास आणि गेलास. गाडीला तीन तास होते. ती बट्टी तुपात भिजून तशीच राहिली आणि बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तू पत्र लिहिलं नाहीस. मीही नाही.

पण तुझं ते "विचारलंस?" डोक्यातून जाईना. पावसाळा संपता संपता मी शेटजींसमोर उभा राहिलो. त्यांना वाटलं मी पगारवाढ मागायला आलोय. जाळीचं ऐकून ते हसले. म्हणाले, "तुमची खुर्ची तर आत ऑफिसात आहे, दामूभाऊ. तुम्हाला कशाला वारा हवा?" घरी आलो, जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी हजेरीची पाटी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं, खिडक्या उघडेपर्यंत उशिराची खूण मी करणार नाही, माझ्या जागी दुसरा बघा. यूसुफभाई आणि आणखी चौघे न बोलावता माझ्या मागं येऊन उभे राहिले. या दुसऱ्या लढाईमुळं जाणते कंपॉझिटर मिळेनासे झाले होते. शेटजींनी आठ दिवस घेतले आणि जाळी लावून दिली. बसायला स्टुलं आली, हात धुवायला साबण आला, आणि बोलायची बंदी कोणी न उठवता उठली. पहिल्या दुपारी वारा आत आला तेव्हा यूसुफभाई डोळे मिटून नुसते उभे राहिले. मी त्यांच्या मुलांची नावं विचारली. चौघांची चार नावं त्यांनी मोठ्या हौसेनं सांगितली.

तुला धावत येऊन सांगावंसं वाटलं की तू जिंकलास. पण आणखी गंमत ऐक. दोन महिने माणसं खुशीत होती, चुका निम्म्यावर आल्या. मग महागाई चढली, ज्वारी मिळेना, आणि हेच यूसुफभाई मला म्हणाले, "दामूभाऊ, वारा छान आहे. पण घरी नेता येत नाही ना." मी एकटाच हसत सुटलो. स्टेशनवर तुला मी हेच म्हणालो होतो! दोघं जण जास्त पगारासाठी दुसरीकडं गेले. एक तिथंच सुखात राहिला, दुसरा दिवाळीनंतर परत आला आणि का आला ते त्याला धड सांगता येईना. आता पगारासाठी बोलणं चालू आहे, आणि शेटजी माझ्याकडं बघतही नाहीत. हे सगळं तुला सांगायचं होतं. कोण जिंकलं ते तुलाच विचारायचं होतं. पत्रात लिहिण्यात मजा नव्हती. तुझा चेहरा बघायचा होता. म्हणून आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत राहिलो. आणि खरं सांगू? आधी तू लिहावंस, असंही वाटत होतं.

चाळीसगावला गाडी बदलून बाराव्याला धुळ्यात उतरलो. वहिनी ओसरीवर होत्या. मला पाहून त्या रडल्या नाहीत. पाणी दिलं आणि म्हणाल्या, "मी वाट बघत होते, भाऊजी."

मी भांडणाची माफी मागायला लागलो तर त्यांना काही माहीतच नव्हतं. तू घरी एवढंच सांगितलं होतंस की दामूची जागा आपल्याला झेपायची नाही. मात्र त्या दिवसापासून तू दुसऱ्या एका छापखान्यात संध्याकाळचं काम धरलंस. तेच फॉर्म, त्याच रेघा. वहिनी म्हणाल्या, "मी सांगायची, नका करू, खोकला वाढतोय. तर म्हणायचे, दामूचं बरोबर आहे, इंदूला ट्रेनिंग कॉलेजात घालायचंय."

मग तुला त्या दिवशी काय बोललो होतो ते मी त्यांना सांगून टाकलं, आणि भिका, मला तिथं बसवेना. माझ्या बोलण्यानं तू तुझं न आवडणारं काम दुप्पट केलंस. मी उठायला लागलो, तर वहिनींनी माझ्याकडं बघितलं आणि त्या आपल्या बोलीत बोलल्या, "त्यास्ले कामनी आवड व्हती, पन घर मालेच चालाडनं पडे. तुम्ही बोललात ते मी वीस वर्षं गिळून होते." मग म्हणाल्या, "पण आबांच्या वेळी घरी यायचे ते गुणगुणत यायचे. तेही मला हवंच होतं."

तुझ्या-माझ्या एवढ्या पत्रांत वहिनींना कोणी विचारलंच नव्हतं.

इंदू मास्तरणीचं ट्रेनिंग पास झाली, हे तू पाहून गेलास. तिला नोकरीसाठी दोन शाळांचं बोलावणं आलंय हे मात्र तू गेल्यावर कळलं. जामनेरच्या शाळेत पगार बराच जास्त आहे, पण एका खोलीत तीन वर्ग आणि तपासायला येणाऱ्यांचा सारखा तगादा, असं तिच्या मैत्रिणीनं कळवलंय. फैजपूरला पगार कमी, पण तिथल्या मुख्य बाई नव्या बाईंना हाताशी धरून शिकवतात म्हणे, आणि शाळेत पुस्तकांचं मोठं कपाट आहे. सगळी माणसं पांगल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली. तुझ्यासारखंच कपाळ आहे तिचं, विचार करताना तशाच दोन आठ्या पडतात.

"काका, कुठं जाऊ?"

मी म्हणालो, "जामनेरला जा. आईचं शिवणकाम आता बंद व्हायला हवं. पगार हातात असला की माणूस मान वर करून चालतो. बाकीचं तिथं जाऊन सुधारता येतं, थोडं उशिरा का होईना."

तिनं ऐकून घेतलं. मग तुझ्याबद्दल विचारलं, "आणि नाना काय म्हणाले असते?"

मी तुझ्या बाजूनं बोलायला लागलो. आधी अडखळलो, मग सुचत गेलं. दिवसाचे तास जिथं काढायचे ती जागा आधी बघ, म्हणालो. हाताखालच्या कामात आपलं डोकं लागतंय का ते बघ. तुझी चूक झाली तर वरचं माणूस काय करतं, ते तिथल्या जुन्या बाईंना विचार. नावडतं काम करून घरी आलेलं माणूस पगार आणतं, पण स्वतः घरी येत नाही. हे शेवटचं वाक्य तुझं की माझं ते मला कळलं नाही. तुझा आवाज, तुझे शब्द, हातवारेसुद्धा तुझे येत होते. वहिनी आतून दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

तुझी बाजू पुरी मांडून झाली आणि मी सवयीनं थांबलो. आपल्या वादात इथं दुसऱ्यानं तोंड उघडायचं असायचं. इंदू माझ्याकडं बघत राहिली, वहिनी दाराशी तशाच उभ्या होत्या. मी बराच वेळ थांबलो, भिका. कोणीच मला खोडून काढलं नाही.